जांभळा दोरा

रूपाने कॉइलभोवती जांभळ्या दोऱ्याचा पहिला वेढा घेतला, आणि नेमका तेव्हाच धनसिंगनानांचा छोटा हत्ती टेम्पो दुकानासमोर येऊन उभा राहिला.

अमळनेरच्या गनीचाचांच्या दुकानात शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी नव्याने भरून मिळत. भिंतीवर दोन खिळे होते. एकावर गनीचाचांची निळ्या दोऱ्याची रीळ, दुसऱ्यावर त्यांच्या मुलाची, आवेजची, पिवळी. तांब्याची तार भरून झाली की ज्याने मोटर भरली त्याने ती आपल्या दोऱ्याने आवळायची. मग मोटर दोन वर्षांनी जळून परत येवो की दहा, उघडली की दोरा बघून कळायचं, हे काम कुणाचं. तिथे सबबी चालत नसत. शिकाऊ माणसाला मात्र दोरा नसे. त्याने हात काळे करायचे आणि वरून गाठ उस्तादाची पडायची.

रूपा वर्षभर शिकाऊच होती. बारावीनंतर मैत्रिणी कॉलेजात गेल्या आणि ही इथे छिन्नी-हातोड्याने जुनी तार उपसत बसली. काल गनीचाचा म्हणाले होते, "ही साडेसात एचपीची मोटर तू एकटी भर. आणि उद्या येताना तुझा दोरा घेऊन ये." ती तशीच बाजारात गेली होती. कटलरीवाल्याकडच्या झाडून सगळ्या रिळा बघून, त्याला वैताग आणून, तिने ही जांभळी निवडली होती.

धनसिंगनाना आत आले आणि दारातच थबकले. "हाई आपला पुनाभाऊनी पोर नही का?"

"हो नाना," रूपा म्हणाली. हात थांबला नाही.

"मनी मोटर तू भरी राहिनी?" नानांचा आवाज चढला. "बारावीले पहिली उनी म्हनीसन गावमा तुना बॅनर लावा आम्हीन! आनि तू आठे हात काया करी बठनी?"

रूपाला ते बॅनर आठवलं. फोटो तिचा टिकलीएवढा होता, नानांचा हातभर. तिने पुढचा वेढा घेतला.

नाना गनीचाचांकडे वळले. "गनीभाऊ, पोरना हातनी मोटर माले नको. तुमीन भरा, नहीत दुसरीकडे ली जास."

आता नाना म्हणजे नुसतं एक गिऱ्हाईक नव्हतं. त्यांच्या शब्दावर अख्ख्या गावच्या मोटरी या दुकानात येत. गनीचाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मोटरीला मीटर लावून काटा नानांना दाखवला. काटा जिथे हवा तिथेच होता. नानांनी मान फिरवली.

गनीचाचा रूपाजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, ऐक. भरली तूच, मला माहीत आहे. हा दोरा काप, मी माझा निळा बांधतो. यांना सांगू, चाचांनी पुन्हा तपासून बांधली. हेही खूश, आपलंही काम निघेल."

"मग काल मला दोरा का आणायला सांगितला?"

 गनीचाचांनी कात्री तिच्यापुढे ठेवली आणि निळी रीळ काढायला ते भिंतीकडे गेले.

रूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते, आणि म्हणूनच तिला स्वतःचाही राग आला. तिने बाहीने डोळे पुसले. कात्रीला हात लावला नाही. उरलेले वेढे घेतले, दोरा दातात धरून गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली. मग वार्निशचा डबा उचलला आणि दोघांच्या देखत, शांतपणे, कडेकडेने सगळ्या कॉइलवर ओतला.

"अय पोरी!" नाना ओरडले.

"नाना, मोटर जयनी, धूर निंघना, त मनाकडे लई या," रूपा म्हणाली. डबा अजून तिच्या हातात होता. "दोरा दखा आनि मना नाव ल्या. चाचानं नको, मना बापनं नको. मना."

 पलीकडे आवेजची छिन्नी थांबली होती. ओलं वार्निश खालच्या ताटात थेंबथेंब गळत होतं. या घडीला, वार्निश वाळून कडक व्हायच्या आत, कात्रीने तो दोरा दोन मिनिटांत निघाला असता. हे रूपाला ठाऊक होतं आणि गनीचाचांनाही.

हातातल्या निळ्या रिळेकडे गनीचाचांनी एकदा पाहिलं आणि ती परत खिळ्याला अडकवली.

"आता काही इलाज नाही, नाना," ते म्हणाले. "वार्निश पडलं. आता हा दोरा काढायचा तर मोटर जाळावी लागेल."

नाना मोटरीपाशी आले. कंबरेत वाकून त्यांनी तो जांभळा दोरा बराच वेळ निरखला, वार्निशखाली आताच काळपट पडू लागलेला.

"आनि जयनीच नही त?" त्यांनी विचारलं.

"त मग मना दोरा कोनलेच दिसाव नही, नाना," रूपा म्हणाली. "पन ऱ्हाई तठेच."