दाराची कडी

"दार उघडं? पोरं जिन्यावरून गडगडली तर? कडी लावा आधी!" पालिकेच्या तपासणीच्या बाई उंबऱ्यातूनच कडाडल्या. आमच्या घरातलं पाळणाघर पालिकेच्या परवानगीवर चालतं, म्हणून आई लगेच कडी लावायला उठली. मी शाळेच्या युनिफॉर्ममध्येच पुढे सरसावले.

"मॅडम, आडवी फळी लावलीय, कोणी पडत नाही. ही जुईलीच्या आईची यायची वेळ आहे."

"मग ती कडी वाजवेल की!"

"नाही वाजवणार. दोन महिन्यांपूर्वी वारली ती."

मीच वेडी असल्यासारखं बघत बाईंनी आत येऊन दार लावलं. "परत उघडं दिसलं तर परवानगी रद्द!"

वर्षाची जुईली रांगत आली आणि बंद दारावर तळवे आपटत अशी रडली, की बाकीची पोरं खेळायची थांबली. माझ्या आईने तिला कडेवर घेतलं, बाईंनी खुळखुळा वाजवला. छे! रडणं थांबेचना.

शेवटी बाईंनीच कडी काढली. रिकाम्या जिन्याकडे बघून जुईली खुदकन हसली, तिने दोन्ही हात पुढे केले.

बाई दारातच उभ्या होत्या. पदर आवरत, अंग चोरून त्या बाजूला झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "या."