जुन्या कार्डाचा पत्ता

नवा राउटर आणला तरी युएलानच्या घरी इंटरनेट येईना. भाचीने जळालेल्या जुन्या राउटरखाली चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. “मावशी, काकांनी कंपनीकडे आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, नोंदवलाय. लाईन तेवढाच ओळखते. तोच नव्या राउटरला देऊ. वाच.” दोन वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याच्या हातची ती बारा अक्षरं युएलानने एकेक करून वाचली, लवकर संपू नयेत म्हणून. भाचीने ती टाइप केली आणि राउटरचा दिवा लागला. “फसली लाईन! तिला वाटतंय, काकाच घरी बसलेत.” जुन्यावर असायची ती खाऊची हिरवी पुडी युएलानने नव्यावर ठेवली. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानात सगळेच ठेवतात. या घरातली पुडी मुदत संपायच्या आत नवरा दरवर्षी बदलायचा. भाची ओरडली, “अगं, हिची मुदत कधीच संपलीय! म्हणूनच जुना जळाला. नवी पुडी आण ना.” पुडी सरळ करत युएलान म्हणाली, “तुझे काका घरी आहेत ना? मग बदलतील.”