गणपूर्ती

कॅप्टननी हजेरीवहीत सही केली आणि वही समोर सरकवली. सहवैमानिक मुलीनेही सही केली. वैमानिक संघटनेच्या सभेला दोघं हजर असले की गणपूर्ती व्हायची. खोलीत खुर्च्या साठ होत्या.

एके काळी इथे उभं राहायला जागा मिळत नसे. मग कंपनीने उड्डाणं ठेकेदाराला द्यायला सुरुवात केली. विमानं तीच, रंग तोच, वैमानिक मात्र ठेकेदाराचे, वर्षावर्षाच्या करारावर. आमच्याकडे राहाल तर घरी बसाल, असं कंपनीने आडून आडून सुचवलं. एकेक जण राजीनामा देऊन पलीकडे गेला. कॅप्टननी कुणाला समजावलं, कुणावर आवाज चढवला. लंबूच्या तर घरी जाऊन हात जोडले. भर वाऱ्यात विमान कसं उतरवायचं ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. तोही गेला. तेव्हापासून विमानतळावर लंबू समोर दिसला की कॅप्टन काचेबाहेर बघत चालायचे.

घरीही बोलायला कुणी नव्हतं. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूर देशी. रविवारी फोनवर "जेवलात ना, बाबा?" विचारायची आणि ते न जेवताच हो म्हणायचे. सोफ्यावरसुद्धा ते डाव्या टोकाला बसत. उजवीकडे कुणी बसणार असावं, तसे.

मंगळवार तेवढा भरलेला असे. दुपारी तीनला सभेसाठी ती सहवैमानिक मुलगी यायची, थर्मासमधला चहा ओतायची आणि सुरेख अक्षरात इतिवृत्त लिहायची.

"तूही जा पलीकडे," एकदा ते म्हणाले. "माझ्या नादी लागून तुझं नुकसान नको."

"मी गेले तर गणपूर्ती कशी व्हायची, सर?"

त्या दिवशी कॅप्टन शीळ घालत घरी गेले.

कंपनीनेही खोली काढून घेतली नव्हती. उलट गळकं छत न सांगता दुरुस्त करून दिलं होतं. "अजून वचकून आहेत आपल्याला," कॅप्टन म्हणत.

आज सभा सुरू होते न होते तोच दार वाजलं. दारात लंबू उभा होता. गालफडं बसलेली, डोळे तांबारलेले.

"सभा फक्त सभासदांसाठी आहे," कॅप्टन म्हणाले.

"दारातूनच बोलतो, सर. परवा आमच्यातल्या एकाने अंगात ताप घेऊन विमान नेलं. नाही म्हणाला असता तर पुढच्या यादीत त्याचं नाव आलं नसतं. आम्ही दीडशे जण आहोत. आमची संघटना काढायला अर्ज केला होता."

"मग काढा की. मला कशाला विचारताय?"

लंबूने कामगार कार्यालयाचं पत्र पुढे केलं. कॅप्टननी ते दोनदा वाचलं. या विमानांच्या वैमानिकांची एक मान्यताप्राप्त संघटना आधीच आहे, ती असेपर्यंत दुसरीला मान्यता मिळणार नाही.

"मग हिच्यातच का आला नाहीत?"

"ठेकेदाराच्या माणसाला सभासद करायचं नाही, असा नियम आहे, सर," लंबू खाली बघत म्हणाला. "तुम्हीच केलेला."

कॅप्टनना तो दिवस आठवला. रागाच्या भरात टेबलावर मूठ आपटून त्यांनी तो नियम लिहवून घेतला होता. सगळे जाऊन आपण एकटे पडलो, असं ते इतकी वर्षं धरून बसले होते. दाराला आतून कडी कुणी घातली होती, ते त्यांना आत्ता कळत होतं.

ते उठले आणि त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"ये, बस. आणि बाकीच्यांना फोन कर. यायला सांग सगळ्यांना. उभं राहावं लागलं तरी चालेल." मग ते मुलीकडे वळले. "लिही, पोरी. ठेकेदाराकडच्या वैमानिकांना आजपासून सभासद करून घ्यावं, असं ठरलं."

तिने लिहून घेतलं. कॅप्टननी झोकात सही केली. मग वही तिच्यापुढे सरकवली.

"हं, आता तुझी."

तिने पेनाला टोपण लावलं.

"माफ करा, सर," ती म्हणाली, "कंपनीच्या मॅनेजरसाहेबांना विचारल्याशिवाय मला सही करता यायची नाही."