पहिला गिअर

गाडीचं पोट गतिरोधकावर खरवडलं, तेव्हा भिमाजी ओट्यावर बसून दाताळ्याला नवा दांडा बसवत होता. आवाजासरशी त्यानं मान वर केली. लाल रंगाची, दोनच माणसांची, उघड्या छताची छोटी गाडी त्याच्या दारासमोर अडकली होती. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं, आणि पोट मधोमध उंचवट्यावर टेकलेलं. चाकं जागच्या जागी नुसती फिरत होती.

तो गतिरोधक भिमाजीनंच बांधलेला. तो गवंडी. लोणावळ्याकडून पवना धरणाकडं भरधाव निघालेल्या एका गाडीनं गेल्या वर्षी त्याच्या कोमलला इथंच, दारात उडवलं. पोरीचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो घमेलं घेऊन रस्त्यावर उतरला. अर्ज नाही, विचारणं नाही. अख्ख्या आळीनं वाळू वाहिली, सिमेंट कालवलं. उंची किती ठेवायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भिमाजी थरावर थर चढवत गेला, हात थकला तेव्हा थांबला. त्या दिवसापासून दारात येणारी प्रत्येक गाडी गुरगुरत पहिल्या गिअरवर यायची. तो आवाज झाला की घरात अनिताचा हात थांबायचा, गाडी गेली की पुन्हा चालू व्हायचा. नवराबायको त्यावर कधी बोलली नाहीत.

भिमाजीचा पुतण्या गोरख आळीतल्या माणसांना घेऊन धावत आला. धरणाकाठी पर्यटकांना राहायला त्याचे तंबू होते. आलेल्यांपैकी कुणाची होडी होती, कुणाची बायको पाहुण्यांसाठी भाकरी थापत होती.

गाडीतून वरद नावाचा तळेगावचा तरुण आणि त्याची बायको ऋचा उतरली. माणूस बोलायला गोड होता. तुम्हाला उगाच त्रास, असं दोनदा म्हणाला. लोक गाडीभोवती फिरून बघायला लागले, तसा तो खुलला. इंजिन लहानच, लिटरभराचं, पण गाडी हलकी म्हणून घाट सहज चढते. बॉडी फायबरची, पावसात गंजायची भीती नाही. छत कापडी, दोन खटके काढले की सीटच्या मागं घडी होऊन बसतं. आणि हे सगळं साध्या घरगुती गाडीच्या पैशात. बसायची जागा इतकी खाली की हात बाहेर काढला तर रस्त्याला लागेल.

"बुटकी आहे म्हणूनच वळणावर रस्ता सोडत नाही," तो म्हणाला.

"वजन किती भरंल?" कुणीतरी विचारलं.

"सातशे किलो. सगळ्यांनी धरलं तर उचलली जाईल."

गोरखनं ओट्याकडं बघून हाक मारली, "तात्या, एक हात कमी पडतोय."

भिमाजी उठला. मागच्या चाकाशी त्यानं हात घातला. गाडी सहज उठली, पलीकडं ठेवली गेली. ती इतकी हलकी असावी, हे भिमाजीला बरं वाटलं नाही.

वरदनं वाकून गाडीचं पोट तपासलं. मग म्हणाला, मी तक्रार करत नाही, पण गतिरोधक इतका उंच नसतो, त्यालाही नियम असतो. येत्या रविवारी अशाच गाड्यांचा त्याचा ग्रुप गोरखकडं जेवायला आणि राहायला येणार होता. सगळ्या गाड्या अशाच बुटक्या. आता दुसरी जागा बघावी लागेल. त्यानं हे रागानं नाही, साधेपणानं सांगितलं.

"चुकून वाढलाय, साहेब," गोरख म्हणाला. "कमी करून घेतो."

ऋचा मघापासून त्या उंचवट्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "एवढा उंच केलाय, म्हणजे इथे काही झालं होतं का?"

भिमाजीनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. ह्यातल्या प्रत्येकानं त्या दिवशी वाळू वाहिली होती. एकजण हात झटकायला लागला. एकजण टायरकडं बघत राहिला.

"न्हाई मॅडम," गोरख म्हणाला. "तसं काय न्हाई."

गाडी धरणाकडं गेली. माणसं पांगली. गोरख मात्र घुटमळला.

"वाईस तासायचाय, तात्या. समदा न्हाई. मशीन आणू का?"

"तू बी व्हतास की रं वाळू वाहायला."

"व्हतो. न्हाई कोन म्हनतंय? पर त्याच्यावर आमची चूल पेटत न्हाई."

भिमाजीनं ओट्यावरचं दाताळं उचलून भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "मशीन नगं. कुनी हात लावायचा न्हाई त्याला."

त्यानं घरातून छिन्नी आणि हातोडा आणला आणि रस्त्यात बसकण मारली. वाईट काम करायची त्याला सवय नव्हती. उंचवटा तासून त्यानं उतार सारखा केला, कडा साफ केल्या, निघालेला चुरा घमेल्यात भरून परड्यात नेऊन टाकला. छिन्नीचा आवाज दिवसभर घरात जात होता. अनिता बाहेर आली नाही.

ऊन कलल्यावर लाल गाडी परत आली. आता छत लावलेलं होतं. वरदनं ओट्याकडं बघून हात केला. भिमाजीनंही केला. गाडी वेग न मोडता त्याच्या दारावरून निघून गेली.

बऱ्याच वेळानं अनिता चहा घेऊन उंबऱ्यात आली.

"ती गाडी कवा परत जायची हाय?"

"गेली."

ती रस्त्याकडं बघत उभी राहिली. हातातला चहा तसाच.

"ऐकू न्हाई आली," ती म्हणाली.