अनोळखी डिस्क

"आई, अपडेटनंतर कॉम्प्युटरवर एक नवीनच डिस्क दिसतेय! उडवू?" लेकीने घाबरून फोन केला. तिचा चार वर्षांचा प्रबंध त्या कॉम्प्युटरमध्येच होता.

"थांब! आधी प्रबंध पेनड्राइव्हवर घे."

"घेतला."

"डिस्कचं नाव काय आहे?"

"रिकव्हरी."

"मग ती सिस्टिमनेच केलीय, अडीअडचणीसाठी. पुसू नकोस. तिच्या नावापुढचं 'ई:' असं काही अक्षर असेल, तेवढं सेटिंगमधून काढ, म्हणजे दिसायची बंद होईल."

लेकीने श्वास रोखून बटण दाबलं. डिस्क दिसेनाशी झाली. प्रबंध जागच्या जागी!

"जमलं गं, आई, जमलं!" ती खुर्चीतून उडालीच. "तुला कसं ठाऊक?"

"मी माझी पुसली होती. पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटर बसला, तो अजून दुरुस्तीच्या दुकानातच आहे."