धोतरामागचा दिवा

"मला मिशी कशी आली?" बायकोनं फोटो बघून विचारलं. ती मिशी नव्हती, नाकाची सावली होती. व्हिडिओ बघून घरीच स्टुडिओची प्रकाशयोजना शिकायला मी दोन दिवे आणले होते आणि उजेड मऊ पडावा म्हणून पुढे बाबांचं धोतर टांगलं होतं. बायकोनं तडक राजीनामा दिला. बाबा पासपोर्टच्या फोटोसारखे डोळे वटारून बसले आणि "माझं धोतर सोड," एवढंच म्हणाले.

उरली आत्या. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं आणि तिचा डावा गाल ओघळला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती गालावर पदर ओढायची. आज मात्र पदर सोडून समोर बसली. "माझ्यावर शिक. माझं आणखी काय बिघडवणार आहेस?"

मी स्टुलावर चढलो, उतरलो, तिला मान वळवायला लावली. प्रत्येक फोटोत अर्धा चेहरा काळोखात! शेवटी वैतागून कॅमेरा तिच्याच हातात दिला. "नाही जमत, आत्या."

ती बघतच राहिली. मोत्याची कुडी, उजवा गाल, डोळ्यातला जुना मिश्कीलपणा. डावी बाजू अंधारात गुडूप. पदर परत ओढायचं ती विसरली.

"मुद्दाम केलंस ना रे? माझ्यासाठी?"

मी नजर खाली वळवली. धोतरामागे एका दिव्याचा प्लग जमिनीवर पडला होता. सकाळपासून तो लावलाच नव्हता. मी तो पायानं हळूच सोफ्याखाली सरकवला.

"हो," मी म्हणालो. "याला फार अभ्यास लागतो, आत्या."