उजवा स्पॉट

पहिला अंक संपता संपता उजवा स्पॉट पुन्हा फडफडला आणि प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत दिव्यांच्या बोर्डाशी बसलेली धाकटी पुढे वाकली. पडदा पडला. बोर्डावर उजव्या स्पॉटची आणि त्याच्या शेजारची खिडकीच्या दिव्याची, अशा दोन्ही दांड्या तिने वर सरकवून ठेवल्या आणि चहाला निघालेल्या प्रेक्षकांतून वाट काढत ती स्टेजकडे धावली.

विंगेमागच्या भिंतीवर डिमरची लोखंडी पेटी होती. दिव्यागणिक एक डिमर, उजेड कमी-जास्त करणारा. तिने उजव्या स्पॉटचा प्लग उपसला आणि खिडकीच्या डिमरमध्ये खोचला. वर पाहिले. स्पॉट शहाण्यासारखा जळत होता. मग खिडकीचा प्लग स्पॉटच्या डिमरमध्ये लावला. आता खिडकी फडफडायला लागली.

म्हणजे दिवा नीट, वायर नीट. दुखणे डिमरचेच.

"सापडलं?" मागून ताईने विचारले. शेवटच्या प्रवेशाचे पांढरे कपडे घालून ती तयार होती. एक हात विंगेच्या चौकटीवर. हल्ली तो कशावर तरी असायचाच.

"सापडलं. तू जरा लांब उभी राहा."

धाकटीने मेन स्विच पाडला, झाकण उघडले. जळका वास आला. वायर जिथे आवळतात तिथला स्क्रू काळा पडला होता. तिने स्क्रू ड्रायव्हर लावला. स्क्रू नुसताच गरगर फिरत राहिला. आटे गेले होते.

"होत नाहीये ना?"

"ताई, आज सांगून टाकू या सरांना."

"आणि उद्यापासून काय करू? घरी बसून भिंतींना संवाद म्हणून दाखवू?" ताईने आवाज खाली आणला. "मला फक्त तो एक दिवा दे. डोळ्यांत उजेड भरला की मी थांबते. बाकीचं मी बघून घेईन." आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिला स्वतःलाच हसू आले. "बघून घेईन म्हणे!"

धाकटीला हसता आले नाही. शेवटच्या प्रवेशात ताईला मागच्या खिडकीपासून तिरके चालत थेट उजव्या कोपऱ्याच्या काठाशी यायचे होते. काठाखाली वादकांचा खड्डा, पुरुषभर खोल. आज वादक नव्हते. नुसत्या लोखंडी खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

ताई विंगेत वळली तोच दिग्दर्शक लगबगीने आला.

"काय झालं?"

"एक डिमर गेलाय, सर. उजवा स्पॉट खिडकीच्या डिमरवर घेते. खिडकी मिळणार नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का? अख्खा शेवट त्या खिडकीवर उभा आहे. दुसऱ्या कुठल्या डिमरवर घे."

"वायर शेजारच्याच्या पुढे पोचत नाही."

"मग स्पॉट सोड. बाई अलीकडे थांबतील. समोरचा मंद उजेड आहे की!"

अलीकडे म्हणजे कुठे, हे तिला कळणार कसे? धाकटीने तोंड उघडले. तेवढ्यात घंटा झाली.

"खिडकी लाव," तो जाता जाता म्हणाला. "ऐकलंस ना?"

तिने झाकण बसवले. बिघडलेल्या डिमरमधून खिडकीचा प्लग काढला आणि तसाच लोंबता सोडला. मेन स्विच वर केला आणि धावत बोर्डाशी परतून दोन्ही दांड्या खाली घेतल्या.

शेवटचा प्रवेश आला. तिच्या हेडफोनमध्ये दिग्दर्शकाचा आवाज घुमला, "खिडकी." आणि लगेच, "खिडकी कुठाय?"

"नाही, सर."

त्याने शिवी हासडली. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले, कारण स्टेजवर काहीतरी चुकत होते. काळोख्या खिडकीपाशी ताई उभी होती आणि निघत नव्हती. मग ती निघाली, पण तिरकी नाही. नाकासमोर. सरळ खड्ड्याच्या मध्यावर.

धाकटीला तेव्हा उमगले. पाठीमागच्या खिडकीच्या उजेडावरून ताई दिशा धरत होती. हे तिने कधी सांगितले नव्हते. कदाचित तिचे तिलाही माहीत नसावे.

उजवा स्पॉट सावकाश उजळायचा होता. धाकटीने दांडी एका दणक्यात वर लोटली.

"अगं, काय करतेस? एवढा नाही! कमी कर!"

तिने कमी केला नाही. ताईचे पाऊल अडखळले. गारठलेले माणूस शेकोटीकडे वळते तसा तिचा चेहरा वळला. मग ती त्या उजेडाच्या रोखाने चालू लागली, तालमीत कधी चालली नव्हती इतकी हळू. मधल्या रांगेत कोणीतरी खोकत होते, ते थांबले.

काठाशी ताई थांबली. पायाचा अंगठा लाकडाबाहेर आला होता. तिने पहिले वाक्य उच्चारले. आवाज स्वच्छ होता.



"बाईंना काठ दिसत नाही," हेडफोनमध्ये दिग्दर्शक म्हणाला. तो प्रश्न नव्हता. धाकटीने दांडी तशीच वर धरून ठेवली.

"अगं, बोल ना."

"दिवा दिसतो," ती म्हणाली. "तेवढा दिसतो."

पलीकडून खट् असा आवाज आला. तिने काचेतून पाहिले. शेवटच्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी होती.

पडदा पडला आणि नमस्कारासाठी पुन्हा उघडला. रिवाजाप्रमाणे सगळे दिवे एकदम लागले. लखलखाट झाला आणि त्यात उजवा स्पॉट कुठला, हे धाकटीलासुद्धा ओळखता येईना. नटांच्या रांगेतून ताई हसऱ्या चेहऱ्याने काठाकडे पुढे सरकली. अजून एक पाऊल.

नमस्काराला कधीही स्टेजवर न येणारा दिग्दर्शक विंगेतून आला. काठ आणि ताई यांच्या मधोमध, प्रेक्षकांकडे पाठ करून, तो उभा राहिला.